एलटीएस घेऊ की लेटेस्ट?

बंगळुरूच्या एस. पी. रोडवर जुन्या लॅपटॉपचा मोठा बाजार आहे. कंपन्या तीन-चार वर्षं वापरून काढून टाकतात ती यंत्रं इथल्या दुकानांत साफसूफ होऊन, नवी बॅटरी आणि एसएसडी घालून पुन्हा विकायला येतात. नोकरीच्या शोधात कोल्हापूर-सांगलीहून आलेल्या पोरांना परवडणारा लॅपटॉप इथेच मिळतो. विंडोज १०चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या बहुतेक यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे लिनक्स टाकणं हा आता फक्त हौशी लोकांचा उद्योग राहिलेला नाही. पण उबंटू उतरवायला गेलं की समोर दोन पर्याय येतात. एकाचा आकडा लहान आणि त्यापुढे एलटीएस ही तीन अक्षरं, दुसऱ्याचा आकडा मोठा. मोठा आकडा म्हणजे चांगला माल, हे मोबाइलवाल्यांनी आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसवलंय की हात आपोआप तिकडेच जातो.

माझं मत आधीच सांगून टाकतो: बहुतेकांनी लहान आकडा घ्यावा. मात्र त्याचं जे कारण सांगितलं जातं, ‘जुनं ते भरवशाचं’, ते अर्धवट आहे. निवड करताना विचारायचं ते एवढंच, की पुढचा अपग्रेड कधी करावा लागणार आणि तो करायला वेळ कोणाकडे आहे.

उबंटूचा आकडा म्हणजे वर्ष आणि महिना. २४.०४ म्हणजे २०२४चा एप्रिल, २५.१० म्हणजे २०२५चा ऑक्टोबर. ऑक्टोबर २००४मध्ये पहिली आवृत्ती आली, तेव्हापासून दर सहा महिन्यांनी एक, असा हा रतीब चालू आहे. २००६ सालच्या आवृत्तीला प्रथमच ‘लाँग टर्म सपोर्ट’ म्हणजे दीर्घ मुदतीची हमी मिळाली. ती एप्रिलमध्ये यायची होती, पण एवढी वर्षं टिकवायची वस्तू आहे तर नीट पारखून घेऊ, म्हणून दीड महिना थांबून १ जूनला काढली. म्हणूनच तिचा आकडा ६.०६ असा पडला. तेव्हापासून दर दोन वर्षांनी एक एलटीएस येते. आता तिला पाच वर्षं सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. मधल्या आवृत्त्यांना मात्र नऊच महिने, आणि २०१३च्या आधी हीच मुदत अठरा महिन्यांची होती. बंगळुरूत भाड्याने राहणाऱ्याला हे लगेच समजेल. अकरा महिन्यांचा करार संपला की पुन्हा घर शोधा, पुन्हा टेम्पो सांगा. इथे तर अकराही महिने नाहीत.

एके काळी हा प्रश्न पडतच नसे, कारण निवडायला हातात काही नसायचं. बर्लिनमध्ये जन्मलेले, बेळगावात शिकलेले आणि बंगळुरूत स्थिरावलेले अतुल चिटणीस यांच्या पुढाकाराने ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाने १९९६ साली अंकासोबत लिनक्सची सीडी वाटायला सुरुवात केली. टेलिफोनच्या तारेवरून, मिनिटाचे पैसे मोजत, अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम उतरवणं अशक्य होतं. त्यामुळे सीडीवर जी आवृत्ती आली ती पुढच्या सीडीपर्यंत आपली. दर अंकाची वाट पाहणारी, एकमेकांना सीडी जाळून देणारी एक पिढी त्यातून तयार झाली. पुढे २००१मध्ये सुरू झालेल्या ‘लिनक्स बँगलोर’ परिषदेत आणि तिचंच पुढे नाव बदलून झालेल्या ‘फॉस डॉट इन’मध्ये ही मंडळी प्रत्यक्ष भेटू लागली. चिटणीस २०१३मध्ये गेले. त्यांच्यामुळे लिनक्सला हात लागलेले लोक आजही या शहरातल्या कंपन्यांत वरच्या खुर्च्यांवर भेटतात. उबंटूने २००५ ते २०११ या काळात ‘शिपइट’ योजनेत पोस्टाने फुकट सीडी पाठवल्या, तोही त्याच युगाचा शेवटचा अध्याय.

दोन वाटा खऱ्या अर्थाने फुटल्या २००३मध्ये. रेड हॅट लिनक्स ९ ही त्या नावाची शेवटची घरगुती आवृत्ती ठरली. कंपनीने पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी वर्षानुवर्षं न हलणारी रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ठेवली आणि नव्याची आवड असणाऱ्यांसाठी नोव्हेंबर २००३मध्ये फेडोरा आणली. आज एंटरप्राइझच्या एका आवृत्तीला दहा वर्षांचं आयुष्य आहे, फेडोराच्या आवृत्तीला साधारण तेरा महिन्यांचं. दोन्ही एकाच घरातल्या आहेत. फेडोरात जे तावून-सुलाखून निघतं तेच काही वर्षांनी एंटरप्राइझमध्ये जातं. म्हणजे फेडोरा वापरणारा माणूस, त्याच्या नकळत, बँकेच्या सर्व्हरसाठी चाचणी करत असतो. त्यात गैर काही नाही, फक्त ते माहीत असावं.

आता एलटीएसमध्ये ‘जुनं’ नक्की काय असतं ते पाहू, कारण सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. १ जुलै २०२४ला ओपनएसएसएच या प्रोग्रॅममधली एक गंभीर त्रुटी क्वालिस या सुरक्षा कंपनीने जाहीर केली. सर्व्हरवर लांबून शिरण्यासाठी जगभर वापरला जाणारा हा दरवाजा, त्यालाच भोक. मूळ प्रकल्पाने ९.८ ही नवी आवृत्ती काढून ते बुजवलं. उबंटू २२.०४मध्ये मात्र ८.९ होती. उबंटूने ९.८ आणली नाही. ९.८मधली नेमकी तेवढीच दुरुस्ती उचलली, ८.९च्या जुन्या कोडवर बेतून बसवली आणि पॅकेज पाठवलं. त्याचा आकडा झाला ८.९पी१-३उबंटू०.१०. म्हणजे पुढचा ८.९ तसाच राहिला, बदल दिसला तो शेपटीतल्या दहामध्ये. याला बॅकपोर्ट म्हणतात, आणि पाच वर्षं सपोर्ट म्हणजे पाच वर्षं हेच कंटाळवाणं, नजरेत न भरणारं काम.

ही शेपटी न वाचल्यामुळे आउटर रिंग रोडवरच्या ऑफिसांत किती तास वाया जातात त्याला गणती नाही. सुरक्षा तपासणीचं एखादं स्वस्त साधन फक्त ‘८.९’ वाचतं आणि अहवालात लाल शाईने लिहितं: आवृत्ती जुनी, धोका गंभीर. मग ऑडिटवाला सिस्टिम ॲडमिनला ईमेल करतो, ॲडमिन शेपटी दाखवतो, ऑडिटवाला म्हणतो, पण अहवालात तर लाल आहे. गंमत म्हणजे त्याहून जुन्या उबंटू २०.०४मधली ८.२ या त्रुटीपासून मुळातच सुरक्षित होती, कारण ती त्रुटी ८.५मध्ये शिरली. २००६ साली एकदा बुजवलेलं भोक नवा कोड लिहिताना पुन्हा उघडं पडलं होतं.

नवेपणाची याहून मोठी किंमत त्याच वर्षी मार्चमध्ये दिसता दिसता राहिली. एक्सझेड नावाचं फायली दाबून लहान करणारं छोटंसं साधन जवळपास प्रत्येक लिनक्सवर असतं. कोणीतरी दोन-तीन वर्षं चिकाटीने विश्वास संपादन करून त्या प्रकल्पात जागा मिळवली आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातला. अँड्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टमधल्या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला, तो खणत गेला आणि २९ मार्च २०२४ला ही भानगड उघडकीला आली. तोवर हा माल डेबियन या दुसऱ्या लिनक्सच्या चाचणी शाखांत, ओपनसुसेच्या टम्बलवीडमध्ये आणि फेडोराच्या विकास-शाखेत पोचला होता. डेबियन स्टेबल आणि उबंटूच्या चालू एलटीएसमध्ये तो नव्हता. उबंटू २४.०४ तेव्हा तयार होत होती. तिची पॅकेजेस नव्याने बांधण्यासाठी बीटा आठवडाभर पुढे ढकलली. नवं उशिरा घेणाऱ्याला दुसऱ्यांच्या डोळ्यांचा फायदा मिळतो, तो असा.

मधल्या आवृत्त्यांत प्रयोग होतात आणि ते मुद्दाम होतात. उबंटू २५.१०मध्ये चाळीसेक वर्षांची परंपरा असलेल्या मूलभूत कमांडचा संच बदलून रस्ट भाषेत लिहिलेला नवा संच घातला. त्यातल्या ‘डेट’ कमांडला ‘-आर’ जोडून फाइलचं नाव दिलं, तर ती फाइल शेवटची कधी बदलली ते सांगायला हवं. नवी कमांड आजचीच वेळ सांगत होती. एरवी कोणाच्या लक्षातही आलं नसतं. पण अपडेट तपासायची वेळ झाली का हे ठरवणारी उबंटूची स्क्रिप्ट नेमकी याच उत्तरावर अवलंबून होती. तपासणी आत्ताच झालीय असा तिचा समज व्हायचा आणि ती गप्प बसायची. परिणामी काही यंत्रांवर आपोआप होणारी अपडेटची तपासणीच बंद पडली, तीही कुठलीही तक्रार न करता. काही दिवसांत दुरुस्ती आली. तीसुद्धा हाताने कमांड देऊन उतरवावी लागली, कारण आपोआप येण्याचा रस्ताच तर बिघडला होता. असले दोष एलटीएसच्या आधी सापडावेत, याचसाठी हे प्रयोग आधी मधल्या आवृत्तीत केले जातात. ज्याला हे शोधायची मजा वाटते त्याने जरूर मधली घ्यावी. त्याच्यावाचून आमची एलटीएस उभी राहत नाही.

इतकं ऐकून कोणी एलटीएसला देव्हाऱ्यात बसवू नये. १९ जुलै २०२४ची सकाळ बंगळुरू विमानतळावरच्या प्रवाशांना आठवत असेल. टर्मिनल १वर रांगा लागल्या, देशभर इंडिगोने हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष फायलीने जगातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर नेऊन ठेवली होती. त्यात कित्येक कंपन्या अशा होत्या, ज्या धोरण म्हणून त्या सॉफ्टवेअरची एक पायरी जुनी आवृत्तीच वापरत. तरी त्या पडल्या, कारण आवृत्ती जुनी असली तरी रोज येणारी माहितीची फाइल सगळ्यांना एकाच वेळी गेली. ऑपरेटिंग सिस्टिम कितीही सावकाश चालली, तरी तिच्या पाठीवर बसलेली दुसरी सॉफ्टवेअर कोणत्या वेगाने बदलतात हेही पाहावं लागतं.

एलटीएस उघडउघड अडवते अशा जागा दोन. पहिली म्हणजे नवंकोरं यंत्र. गेल्या महिन्यात बाजारात आलेल्या लॅपटॉपचं वायफाय किंवा ग्राफिक्स दीड वर्षं जुन्या कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, ओळखता येत नाही. यावर उबंटूने तोडगा काढला आहे. २४.०४ आली तेव्हा तिच्यात ६.८ कर्नल होता, पण फेब्रुवारी २०२५च्या २४.०४.२मध्ये ६.११ आणि ऑगस्टच्या २४.०४.३मध्ये ६.१४ आला. घर तेच, इंजिन नवं. म्हणून एलटीएस उतरवताना शेवटचा ठिपका-आकडा पाहून सगळ्यात ताजी प्रत घ्यावी. एस. पी. रोडवरच्या पाच वर्षं जुन्या थिंकपॅडला ही अडचण येतच नाही, हा जुन्या यंत्राचा एक न सांगितलेला फायदा.

दुसरी जागा म्हणजे कामाची हत्यारं. फेब्रुवारी २०२४च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टच्या व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या साधनाची १.८६ आवृत्ती आली आणि जगभरातल्या प्रोग्रॅमरना सकाळी आपल्याच सर्व्हरला जोडता येईना. लांबच्या सर्व्हरवर आता जीलिबसी या पायाभूत लायब्ररीची निदान २.२८ आवृत्ती हवी, असा नवा नियम होता. सेंटओएस ७ या रेड हॅट एंटरप्राइझच्या फुकट प्रतिरूपावर होती २.१७ आणि उबंटू १८.०४वर २.२७. एका आकड्याने हुकलेल्या १८.०४वाल्यांची चिडचिड समजू शकते. ओरड झाल्यावर मायक्रोसॉफ्टने वर्षभराची सवलत दिली. जुन्यावर बसून राहणाऱ्याला हलवायला एखाद्या वेळी त्याची कंपनीही लागत नाही. बाहेरचं कोणीतरी ते काम करतं. एरवी कंटेनरमुळे, म्हणजे प्रोग्रॅम त्याच्या लायब्रऱ्यांसकट वेगळ्या डब्यात चालवण्याच्या सोयीमुळे, हा तिढा बराच सुटला आहे. खाली एलटीएस, तिच्या वर डॉकरमध्ये हवं तेवढं नवं पायथन, अशी मांडणी या शहरात आता सर्रास दिसते.

आणि हमीच्या बारीक अक्षरांकडेही बघायला हवं. उबंटू एलटीएसची पाच वर्षांची हमी ‘मेन’ नावाच्या विभागातल्या पॅकेजेसना आहे. ती साधारण तेवीसशे. ‘युनिव्हर्स’ विभागात तेवीस हजारांवर पॅकेजेस आहेत, आणि त्यांची काळजी समाजातले स्वयंसेवक जमेल तशी घेतात. आपण आवडीने टाकलेलं व्हिडिओचं किंवा छायाचित्रांचं सॉफ्टवेअर बहुधा या दुसऱ्या विभागातलं असतं. दोन्हींना मिळून दहा वर्षांची हमी हवी तर उबंटू प्रो घ्यावं लागतं. ते वैयक्तिक वापराला पाच यंत्रांपर्यंत फुकट आहे. ‘प्रो सिक्युरिटी-स्टेटस’ ही कमांड दिली की आपल्या यंत्रावरची किती पॅकेजेस कोणत्या विभागातली ते समोर येतं. मी तर म्हणेन, एलटीएस टाकल्यावर पहिलं काम हेच करावं.

हमी देणाराच फिरला तर? सेंटओएस ८ सप्टेंबर २०१९मध्ये आली, २०२९पर्यंत दुरुस्त्या मिळणार या भरवशावर लोकांनी सर्व्हरच्या सर्व्हर तिच्यावर नेले. ८ डिसेंबर २०२०ला जाहीर झालं, की तिचा शेवट ३१ डिसेंबर २०२१ला. सात वर्षांहून जास्त आयुष्य एका घोषणेत गेलं. कहर म्हणजे आधीची सेंटओएस ७ ठरल्याप्रमाणे ३० जून २०२४पर्यंत जगली. धाकटी आधी गेली आणि थोरली मागे राहिली. सेंटओएस फुकट होती, तिच्या वापरकर्त्यांचा कोणाशी करार नव्हता, त्यामुळे दाद मागायलाही जागा नव्हती. त्या पोकळीतून २०२१मध्ये अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स जन्मल्या. अशा सेवेमागे माणसांचे हात असतात आणि ते थकतात. लिनक्स कर्नलच्या दीर्घ मुदतीच्या शाखा सहा वर्षं सांभाळण्याची प्रथा २०१७मध्ये पडली होती. ती दोन वर्षांवर आणणार असं २०२३मध्ये सांगण्यात आलं, आणि सांभाळणाऱ्यांवरचा ताण हे त्याचं एक कारण होतं.

उलट, हमी फार लांबली तर माणूस झोपतो. विंडोज एक्सपी २००१ ते ८ एप्रिल २०१४ अशी बारा वर्षांहून जास्त जगली. तिचा सपोर्ट संपून चार वर्षं उलटली तरी भारतातली कितीतरी एटीएम तिच्यावरच चालत होती. अखेर २१ जून २०१८ला रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून बँकांना टप्पे आखून दिले: सप्टेंबरपर्यंत निदान पाव यंत्रं, डिसेंबरपर्यंत निम्मी, मार्च २०१९पर्यंत पाऊण आणि जूनपर्यंत सगळी. बँकांकडे पैसा नव्हता असं नाही. बारा वर्षांत हलवायचं कसं हेच विस्मरणात गेलं होतं. ज्याने अपग्रेड करायची सवय ठेवली नाही, त्याला शेवटी तो एकदम, घाईत आणि महागात करावा लागतो.

शाळांनी मला वाटतं हे गणित बँकांपेक्षा चांगलं सोडवलं. बंगळुरूची ‘आयटी फॉर चेंज’ ही संस्था कर्नाटकातल्या सरकारी शाळांच्या शिक्षकांसोबत काम करते. तिने उबंटूच्या एलटीएसवर जिओजेब्रासारखी शैक्षणिक साधनं आणि कन्नडची सोय आधीच घालून एक तयार संच दिला. तालुक्याच्या शाळेत इंटरनेट असेल तर असेल, संगणकाचा वेगळा माणूस नसतो, आणि शिक्षकाने प्रशिक्षणात जो मेनू पाहिला तो वर्गात तसाच दिसायला हवा. तिथे नऊ महिन्यांनी मुदत संपणारी आवृत्ती देणं ही चेष्टा झाली असती. केरळने तर प्रत्येक एलटीएसही घेतली नाही. तिथल्या शाळांचा संच १४.०४वर होता, मग १८.०४वर गेला, मग २२.०४वर; मधली १६.०४ आणि २०.०४ सोडून दिली. चार वर्षांनी एकदा बदल, पाच वर्षांची हमी, हाताशी एक वर्षाची सवड. हजारो शाळांचा कारभार पाहणाऱ्याला हे एक वर्षच सोन्याचं.

घरी एकच लॅपटॉप असणाऱ्याला एवढी सवड लागत नाही, पण थोडी लागतेच. नवी एलटीएस एप्रिलमध्ये आली की त्याच दिवशी उडी मारू नये. उबंटू स्वतःच जुन्या एलटीएसवाल्याला ‘.१’ येईपर्यंत विचारत नाही, आणि त्या थांबण्यालाही अर्थ आहे. २४.०४.१ दोन आठवडे उशिराने २९ ऑगस्ट २०२४ला आली. त्यानंतरही अपग्रेडच्या साधनात दोष सापडला म्हणून सप्टेंबरमध्ये तो रस्ता काही काळ बंद ठेवावा लागला. दिवाळीत घरी गेल्यावर, बॅकअप घेऊन, निवांतपणे केलेला अपग्रेड उत्तम. मधली आवृत्ती घेणाऱ्याला ही निवांतपणाची चैन नाही. नऊ महिने उलटले की तिची पॅकेजेस नेहमीच्या सर्व्हरवरून उचलून ‘ओल्ड-रिलीजेस’ नावाच्या जुन्या साठ्यात टाकली जातात, पुढे जायचं तर त्या साठ्याचा पत्ता हाताने लिहून एकेक पायरी चढावी लागते. सुरक्षित काय, या प्रश्नाला एलटीएस हे उत्तर आहे आणि मुदतीत असलेली मधली आवृत्ती हेही आहे. धोक्यात असतो तो तिसरा: ज्याने दोन वर्षांपूर्वी हौसेने मोठा आकडा टाकला आणि मग विसरून गेला. एस. पी. रोडवरून लॅपटॉप आणलात तर आत अशी एखादी आवृत्ती आधीच बसलेली नाही ना, हे सेटिंग्जमधल्या ‘अबाउट’मध्ये जाऊन आधी बघा.